टाळूचा साचा

मंगळवारी दुपारी हॉस्पिटलकडून आलेल्या खोक्यातला तिसरा साचा त्याने उचलून टेबलावरच्या दिव्याखाली धरला, आणि आपण आपल्या पूर्वीच्या बायकोच्या तोंडात बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. साचा वरच्या जबड्याचा होता, पांढऱ्या प्लास्टरचा, तळहातात मावेल एवढा. सोबतच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं. हॉस्पिटलवाले नाव लिहीतच नाहीत. क्रमांक, स्त्री, वय त्रेपन्न, एवढंच. तीस वर्षं तो या लॅबमध्ये कवळ्या करत होता. हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली होती, सगळी बिननावाची, बिनजिभेची, त्याला एक अवाक्षर न विचारणारी. बहुधा म्हणूनच हे काम त्याला मानवलं होतं. पण समोरून डावीकडचा दुसरा दात, रांगेत उभं असताना शेजाऱ्याशी बोलायला कुणी किंचित वळावं तसा वळलेला, तो त्याने ओळखला. तरी त्याने मनाची समजूत घातली, की असे वळलेले दात शंभरात दहा जणांना असतात. मग साचा उलटा केला. समोरच्या दातांमागे टाळूवर वळ्या असतात, वाऱ्याने वाळूवर उमटाव्यात तशा, आणि त्या दोन माणसांच्या कधी सारख्या नसतात. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला. तिसरी वळी मध्येच फुटून तिच्या दोन झाल्या होत्या. आता समजूत घालायला काही उरलं नाही.

लग्नाला दोनच महिने झाले होते तेव्हा. तो उमेदवारी करत होता आणि माप घ्यायचा सराव करायला त्याला एक तोंड हवं होतं. "घरात एक फुकटचं आहे, वापर की," असं म्हणून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर मान मागे टाकून बसली होती. तो गुलाबी लगदा तिच्या तोंडात भरून घड्याळ लावून उभा राहिला, तर ती गुणगुणायला लागली. तोंड भरलेलं, ओठ वर ताणलेले, आणि नाकातून चाल. "हलू नकोस," तो म्हणाला. ती आणखी जोरात गुणगुणली. माप बिघडलं. दुसरं बिघडलं. तिसऱ्या वेळी तिला हसू फुटलं आणि लगदा हनुवटीवरून गळ्यावर ओघळला, आणि मग त्यालाही हसू आवरेना. चौथं माप नीट आलं. प्लास्टर सुकल्यावर ती फुटलेली वळी दाखवून तो म्हणाला होता, "अशी वळी मी पाहिली नाही अजून." ती म्हणाली होती, "नवरे बायकोच्या डोळ्यांची तारीफ करतात, घुम्या. माझ्या नशिबी टाळू." घुम्या हे तिने ठेवलेलं नाव. लग्नाच्या आधीचं. तिच्याशिवाय त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नाही, आणि कुणी मारली असती तर त्याने ओ दिली नसती.

साच्यावर निळ्या पेन्सिलीची रेघ होती. ती त्याने सगळ्यांत आधी पाहिली होती आणि सगळ्यांत शेवटी वाचली. चिठ्ठीच्या मागे सूचना होती: वरच्या जबड्याचा डावा भाग, गाठ, शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी, प्लेट शनिवारपर्यंत. अशी कामं वर्षाकाठी सात-आठ येत. सर्जन रेघेच्या आतलं सगळं काढून टाकतात, हाड, दात, टाळू, आणि तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहतं. ते झाकायला आधीच एक प्लेट करून ठेवायची, म्हणजे माणूस शुद्धीवर आल्यावर त्याला घोटभर पाणी गिळता येतं, दोन शब्द बोलता येतात. आणि ती करायची, तर सर्जन माणसावर जे करणार ते आधी प्लास्टरवर आपण करायचं. "काय रे, बरं नाही का?" लॅबच्या बाई पलीकडच्या टेबलावरून म्हणाल्या. बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान, पण लॅब त्यांची, आणि जीभ आईची. "तोंड बघ, प्लास्टर फासल्यासारखं झालंय." "काही नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडात कायम तयार असत, दाराशी काढून ठेवलेल्या चपलांसारखे. त्याने बारीक करवत घेतली. रेघेच्या आत सात दात होते. वळलेला त्यांतलाच होता. त्याने मागच्या दाढेपासून सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी दात टेबलावर पडताना जो हलका टक् असा आवाज होई तो ऐकून त्याच्या स्वतःच्या हिरड्या शिवशिवत. सातवा कापायच्या आधी तो उठून मोरीशी गेला, तोंडावर पाणी मारून आला. मग तोही कापला. काम चोख झालं. वाईट बातमीने हात थरथरतात असं लोक म्हणतात. त्याचे थरथरले नाहीत, आणि याचं त्याला शुक्रवारपर्यंत, ती प्लेट घासून चकचकीत करून डबीत घालेपर्यंत, राहून राहून वाईट वाटत राहिलं.

ती गाणं शिकवायची. शाळेतल्या मुलांचं समूहगान बसवायची, ऐंशी मुलं, आणि त्यातलं कुठलं बेसूर गातंय ते पाठमोरी उभी राहून सांगायची. बारा वर्षांपूर्वी तिला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. मोठी संस्था, मोठ्या माणसांचा गायकवृंद, बसने सहा तास लांब. पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून तिने विचारलं, "जाऊ का?" त्याने पत्र वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, "तुझं तू ठरव." त्याला खरोखर वाटलं होतं की यात मोठेपणा आहे. त्याच्या बापाने त्याच्या आईला उभ्या जन्मात कशाचीच विचारणा केली नव्हती. आपण निदान बायकोच्या वाटेत आडवे येत नाही, एवढं समाधान त्याला होतं. तिने आठवडाभर वाट पाहिली. रोज काहीतरी निमित्त काढून ती तो विषय आणी, आणि रोज तो तेच म्हणे, शब्दही न बदलता. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "जा म्हण. नाहीतर जाऊ नको म्हण. दोन्हीतलं एक म्हण, मी तेच करीन." तो म्हणाला, "तुझं आयुष्य आहे." तिने उठून कपाटावरची बॅग काढली. दोन वर्षांनी कागदांवर सह्या झाल्या. भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. मुलंबाळं नव्हती. पुस्तकं तिची, दुर्बीण त्याची, आणि तळ्यावरची चौकी क्रमांक चार दोघांची. ती काही वाटून घेता येईना.

तळं म्हणजे वाळवंटात धरण बांधून अडवलेलं पाणी. शहरापासून बसने दोन तास. आजूबाजूला मैलोगणती खुरटी झुडपं आणि भाजलेले दगड, आणि मध्येच हे निळंशार पाणी, कुणीतरी चुकून सांडल्यासारखं. सरकारने तिथे सहलीचं ठिकाण केलं होतं. फाटकावर तिकीट, सिमेंटच्या छत्र्या, त्यांच्याखाली सिमेंटचीच बाकं, पोहायला मनाई असल्याची पाटी, आणि हंसाच्या आकाराच्या पायडल मारायच्या होड्या. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरत आणि जानेवारीच्या एका रविवारी पंचवीस-तीस हौशी माणसं जमून ते मोजत. ही मोजणी भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक चालवत; सगळे त्यांना सर म्हणत. सर दरवर्षी सूचना वाचून दाखवत आणि दरवर्षी शेवटी म्हणत, "आणि प्लास्टिकचे हंस धरायचे नाहीत," आणि दरवर्षी सगळे हसत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी या दोघांनी जोडीने नाव घातलं आणि त्यांना चौथी चौकी मिळाली, पश्चिम काठावर, लव्हाळ्याच्या बेटासमोर. तो डोळ्यांनी ओळखी, ती कानांनी. लव्हाळ्यात लपलेली टिबुकली त्याला दुर्बिणीतून जन्मात दिसली नसती, ती डोळे मिटून म्हणे, "दोन आहेत. नाही, तीन," आणि ओठांचा चंबू करून तशीच शीळ घाली, आणि लव्हाळ्यातून उत्तर येई. घटस्फोटानंतरच्या पहिल्या जानेवारीत तो तिथे गेला, तर ती आधीच येऊन बसली होती, डब्यात दोघांपुरतं खाणं घेऊन. "पाणकावळे तू मोज," ती म्हणाली, "मला सगळे एकसारखे दिसतात." त्यानंतर दहा वर्षं, वर्षातला एक दिवस. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत फोन नाही, पत्र नाही. त्या एका दिवसावर तो जगत होता असं म्हणणं जास्त होईल. पण डिसेंबर लागला की त्याला भूक बरी लागायची, हे बाईंच्याही लक्षात आलं होतं.

साचा आला त्याच आठवड्यातल्या मोजणीच्या रविवारी ती मफलर गुंडाळून आली होती. थंडी होतीच, कुणाला नवल वाटलं नसतं. डावा गाल किंचित सुजलेला होता. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावा एवढा. "दात दुखतोय जरा," ती आल्याआल्या म्हणाली, आणि त्याने मान डोलवली. त्या मान डोलवण्यात तो सकाळभर अडकून पडला. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पहिल्या तासात सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या तासात सांगणं अवघड झालं, आणि दुसऱ्यात नाही म्हणून तिसऱ्यात जवळजवळ अशक्य. तो दुर्बिणीला डोळा लावून आकडे म्हणत राहिला आणि ती लिहीत राहिली. चांदवे दोनशे दहा. थापट्या तीनशे चाळीस. शेकाटे एकोणीस. पाणकावळे साठ, नाही, बासष्ट. दुर्बिणीच्या गोलात एक थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्यावरून सरकवत गोलगोल फिरत होतं आणि त्याला काही केल्या त्या चोचीवरून नजर हटवता येईना. वरची चोच, वरचा जबडा. त्याला वाटलं, तिने आपण होऊन सांगितलं तर मी म्हणीन की अरे बापरे, कधी कळलं? आणि तिला कधी कळणार नाही की मला ठाऊक होतं. मग वाटलं, ती सांगणारच नाही, दिवस संपेल, बस येईल. लव्हाळ्यात टिबुकली बोलली. ती शीळ घालायला गेली, अर्ध्यावर थांबली आणि मफलरवरून गालावर हात दाबून बसली.

दुपारी जेवताना, म्हणजे तो जेवत असताना आणि ती बघत असताना, तिने सांगितलं. आवाजात चढउतार नव्हता. गाठ, तपासणी, रिपोर्ट, गुरुवारची तारीख. इथलंच मोठं हॉस्पिटल, तिच्या शहरात तसलं काही नाही. "अर्धं तोंड काढणार आहेत म्हणे. मग कसलीशी प्लेट बसवतात. माप पण घेतलं, त्या लगद्याचं. मला तुझी आठवण झाली. हसू आलं, तर नर्स रागावली." त्याने घास खाली ठेवला. अरे बापरे म्हणायची वेळ होती. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "ती प्लेट मी केली."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "नाव होतं?"

"नाव नसतं. टाळूवरून ओळखलं."

"कधी?"

"मंगळवारी."

मागे होडीवाल्याने कर्णा लावून कुणालातरी काठाकडे बोलावलं. "मंगळवारी," ती म्हणाली. "म्हणजे मंगळवारपासून तुला माहीत आहे. आणि सकाळी सातपासून तू माझ्या शेजारी बसून पाणकावळे मोजतोयस. साठ, नाही बासष्ट." तिचे डोळे भरून आले, पण ते रागाने. "माझ्या तोंडाचे तुकडे केलेस आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. अरे, दगड तरी ऊन लागलं की तापतो!"

"कसं बोलायचं ते कळेना."

"तुला कधी कळलंय?" तिने मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मग ती हळू म्हणाली, "उद्या सकाळी मी फोन करून नाही म्हणून सांगणार आहे. तेच सांगायला आले होते. डॉक्टर म्हणतात, केलं नाही तर वर्ष, फार तर दीड. त्यातले आठ-दहा महिने बरे जातील. आठ-दहा महिने मला गाता येईल, शिकवता येईल. आणि केलं, तर जगेन बहुतेक. पण बोललेलं सुद्धा लोकांना कळेल की नाही कोण जाणे. गाणं तर सोडच. तुला काय वाटतं? आणि खबरदार 'तुझं तू ठरव' म्हणालास तर. ढकलून देईन पाण्यात."

ते शब्द खरोखर त्याच्या जिभेवर आले होते. सवयीने, पाळलेल्या कुत्र्यासारखे, हाक न मारता. त्याने ते गिळले. "कर," तो म्हणाला.

"का?"

या प्रश्नाची त्याने तयारी केली नव्हती. विज्ञान पुढे गेलंय, प्लेटी आता चांगल्या होतात, सरावाने बोलणं सुधारतं. ही सगळी उत्तरं त्याच्याकडे होती, बाई पेशंटच्या नातेवाइकांना फोनवर द्यायच्या ती. त्याने त्यातलं एकही दिलं नाही. "कारण मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "कशीही." आणि इतक्या वर्षांत तोंडातून न निघालेली गोष्ट निघून गेल्यावर ती किती लहान होती ते त्याला दिसलं. ती रडली. त्याने तिचा हात धरला, बारा वर्षांनी. हाताची बोटं गार होती आणि शाईने माखली होती. त्या दुपारी त्यांनी पुढे काही मोजलं नाही. थापट्यांचा मोठा थवा उठला, बेटाला वळसा घालून पूर्वेकडे गेला, आणि कागदावर त्याची नोंद राहून गेली.

तिने फोन केला नाही. गुरुवारी ऑपरेशन झालं, सर्जनने लॅबला निरोप पाठवला की प्लेट अगदी फिट बसली, आणि बाईंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तो चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेला. तिच्या धाकट्या बहिणीने दाराबाहेर येऊन सांगितलं, "ताई म्हणते आत्ता नको. थोडी बरी झाली की ती स्वतः फोन करेल." तो बरं म्हणाला. सहाव्या आठवड्यात फोन आला, दुपारचा, सगळी मशीनं चालू असताना. तो फोन घेऊन जिन्यात गेला. पलीकडून आवाज येत होता. तिचाच होता, त्याची लय तिचीच होती, वाक्याच्या शेवटी किंचित वर जायची ती लकब सुद्धा. पण शब्दांच्या जागी नाकातून वाहणारा एक ओला वारा होता. मधूनच एखादं अक्षर तगलेलं, बाकी सगळं वाहून गेलेलं. बहिणीने सामान बांधलं असेल, ती आपल्या शहरात परत चालली असेल, असं काहीतरी असावं असा त्याने अंदाज केला आणि म्हणाला, "हो. हो, बरोबर आहे." मग ती पुन्हा बोलली, हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "हो," तो म्हणाला. मग तिने विचारलं, "मी काय म्हणाले?" ते मात्र त्याला समजलं. म, न, ण ही अक्षरं नाकातलीच. ती शाबूत होती. तो जिन्यात कठडा धरून उभा राहिला. खोटं बोलावं तर कशाच्या आधारावर बोलावं हे त्याला सुचेना. "ऐकतोय मी," तो शेवटी म्हणाला. फोन बंद झाला.

मग तो कामाला लागला. जखम भरते तसं भोक आकार बदलतं आणि प्लेट नव्याने करावी लागते. दर दोन-तीन महिन्यांनी तिचा साचा येई. आलेल्या साच्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्याने जुनी पुस्तकं काढली, सर्जनला फोन करून शंका विचारल्या. त्याला इतकं बोलताना बाईंनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. भोकात बसणारा भाग भरीव असला की जड होतो, जड झाला की खाली ओघळतो, आणि कडेने हवा निसटली की प चा म होतो आणि ब चा सुद्धा म. म्हणून त्याने तो भाग आतून पोकळ केला, अंड्याच्या टरफलाएवढा पातळ. दोनदा फुटला. तिसऱ्यांदा जमला. पुढचे दात त्याने आठवणीतून लावले, वळलेल्या दातासकट. सप्टेंबरात ही कायमची प्लेट बसवून बघायची होती, आणि सर्जनने बाईंना सांगितलं की तुमच्या माणसाला बरोबर आणा, कडा जागच्या जागी घासून देईल. बाई त्याला घेऊन गेल्या. ती खुर्चीत बसली होती. केस पिकले होते आणि डावा गाल आत गेला होता. ती त्याला पाहून डोळ्यांनी हसली. त्याने त्या हसण्याला उत्तर दिलं का, हे नंतर त्याला कितीही ताण देऊन आठवेना. आठवतं ते एवढंच, की सर्जनने दिवा वळवला, तिने तोंड उघडलं, आणि तो वाकला. जानेवारीपासून ज्याला तो उलट्या बाजूने ओळखत होता ते समोर होतं, गुलाबी, ओलं, जिवंत. कडा नीट भरून आल्या होत्या. "मागे अर्धा मिलिमीटर टेकतंय," तो सर्जनला म्हणाला. "आणि इथे, गालाच्या बाजूला, हवा जाईल." त्याने प्लेट घासली, बसवली, काढली, परत घासली. वीस मिनिटं. सगळं तो सर्जनशी बोलला. तिने केव्हा डोळे मिटून घेतले ते त्याला समजलं नाही. शेवटी सर्जन म्हणाले, "बोला काहीतरी." तिने मान हलवली. नाही.

पुढच्या जानेवारीत तो तळ्यावर पोचला तेव्हा सर यादी घेऊन फाटकाशी उभे होते. "यंदा तुमच्या चौकीवर तुम्ही एकटेच," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "मॅडमनी पत्र पाठवून पूर्वेची मागितली. सातवी. मी म्हटलं तिकडे ऊन डोळ्यांवर येतं, पण..." ते थांबले आणि दुसऱ्याच कुणाला तरी सूचना द्यायला वळले. तो चौथ्या चौकीवर जाऊन बसला. पाणी तसंच होतं. सकाळी आठच्या सुमारास पाखुर्ड्यांचा थवा वाळवंटातून पाणी प्यायला आला, काठावर उतरला, घाईघाईने प्याला आणि उडाला. त्याने चौऱ्याहत्तर लिहिले. मग त्याने दुर्बीण पलीकडच्या काठावर लावली. ती तिथे होती, गुडघ्यावर वही ठेवून, एकटी. मफलर नव्हता. इतक्या लांबून चेहरा म्हणजे नुसता एक फिकट ठिपका. तो बघत राहिला. तिने वहीत काही लिहिलं, डोकं वर केलं, आणि सरळ त्याच्या दिशेने पाहिलं. मग तिने खुर्ची उचलली आणि झुडपाच्या पलीकडे नेऊन ठेवली. त्याने दुर्बीण खाली केली. दुपारपर्यंत त्याचे आकडे तीनदा चुकले.

संध्याकाळी चारला सगळ्यांनी होड्यांच्या तिकिटघरापाशी कागद जमा केले. ती शेवटी आली, सरांच्या हातात कागद दिला, आणि मग बसच्या थांब्याकडे न जाता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बस लागलेली होती, इंजिन चालू होतं. "मला राग नाही," ती म्हणाली. "तू कर म्हणालास, म्हणून केलं. म्हणून उभी आहे." त्याची नजर तिच्या वरच्या ओठावर गेली. डावीकडे ओठ थोडा मागे ओढला जात होता. तिथे आधार वाढवायला हवा, मेणाचा एक थर, फार तर दीड मिलिमीटर. "हेच," ती म्हणाली. त्याने चमकून वर पाहिलं. "हेच म्हणते मी. बाकीचे लोक बघायचं टाळतात. तू टाळत नाहीस, तू बघतोस. पण भोक बघतोस. त्या दिवशी खुर्चीत मी तुझ्याकडे बघून हसले होते. तुझं काम चालू होतं."

त्याला म्हणायचं होतं की ते काम म्हणजेच...

"पुढच्या वर्षी मी इकडे येणार नाही," ती म्हणाली. "तू ये. पक्षी तुझे. मी कुठलं तरी दुसरं पाणी बघते. आणि पुढची प्लेट मी आमच्याकडे करून घेते, तिकडे एक बाई करतात आता."

त्याला आधी अक्षरं ऐकू आली. पुढच्या मधला प ओठांवर फुटला, स्वच्छ. पक्षी मधला प, त्यातला क घशातून सुटा निघाला. ड, द, ट, त, सगळी आपापल्या जागी. कुठेही हवा निसटली नव्हती. आवाज गाण्याचा राहिला नव्हता, पण एकेक शब्द बाजारात उभं राहून बोलला तरी अनोळखी माणसाला कळेल इतका स्पष्ट होता, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता एवढा आनंद झाला. मग त्या अक्षरांचा अर्थ पोचला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. मोठ्याने म्हणाला, तिकिटघरापाशी उभ्या असलेल्या दोघा-चौघांनी वळून पाहिलं. "मी शिकेन. नीट बघायला शिकेन. जाऊ नकोस."

ती थांबली. तिने हात वर करून त्याच्या कोटाच्या कॉलरवरचं वाळकं पान काढलं. "ऐकलं मी," ती म्हणाली, आणि बसच्या पायऱ्या चढून डावा गाल त्याच्या बाजूच्या खिडकीकडे करून बसली.